थांबताना वाजणारी गाडी

माझ्या मालकिणीशी मी चार वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, रीत होती. मालक म्हणजे वाशिमकडच्या मालेगावजवळच्या एका खेड्यातले मोठे जमीनदार, मी त्यांच्या मोटारीचा ड्रायव्हर, आणि मोटारीच्या मागच्या सीटला दोन्ही अंगांनी जाड कापडाचे पडदे. बाई पडद्यात बसत. पाणी हवं असलं, गाडी जरा हळू हवी असली, तर त्या मालकांना सांगत आणि मालक मला सांगत. मी हातभर अंतरावर बसलेला, पहिल्या वेळीच सगळं ऐकलेलं. तरी मालकांच्या तोंडून आल्याशिवाय ते माझ्या कानावर पडलं असं धरायचं नाही. मला तेव्हा यात वेडगळ काही वाटत नसे. उलट आपण अदबीचे ड्रायव्हर आहोत असा तोरा होता.

तोरा तसा माझ्यात सगळ्याच बाबतीत होता. अकोल्यात भाड्यानं उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारवाल्याकडे सहा वर्षं गाड्या धुण्यापासून इंजिन खोलण्यापर्यंत सगळं करून मी खेड्यात आलो होतो. आमच्या पंचक्रोशीत नटबोल्टाला हात लावणारा मी एकटाच. कुणी कौतुकानं म्हणालं, की हा नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगतो, तर मी नाही म्हणत नसे.

मग महायुद्ध आलं. पेट्रोल कुपनावर गेलं, टायरला ठिगळावर ठिगळ बसलं, आणि ग्रीस तर बाजारातून नाहीसंच झालं. अकोल्याहून आणलेला शेवटचा डबा मी केशरासारखा बोटाबोटानं वापरला. तो संपला तेव्हा मालकांना सांगायला हवं होतं. पण ते म्हणाले असते, ठेव गाडी झाकून. आणि झाकलेल्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे बसून खाणारं एक तोंड. म्हणून मी बैलगाड्यांच्या कोठ्यात गेलो. प्रत्येक बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असतो. एरंडीचं तेल आणि कडब्याची राख घोटून केलेलं काळं, चिकट वंगण. दिसायला हुबेहूब ग्रीस. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या त्यावर चालत आल्या आहेत, मग मोटारीला काय धाड भरली, असा मी विचार केला आणि पुढच्या चाकांजवळच्या पिनांना ते ठासून भरलं. कुणाला सांगितलं नाही. अकोल्यात शिकलेला माणूस मोटारीला बैलगाडीचं वंगण घालतो हे कळलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं.

दोनेक महिन्यांनी गाडी वाजायला लागली. पुढून, उजव्या अंगाला, एकच ठोका. कट्ट. नंतर पुष्कळ वेळ काही नाही, आणि मग पुन्हा कट्ट.

मी शोधायला लागलो. चाक उचलून हलवून पाहिलं, बेअरिंग आवळलं. कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांमध्ये तेलात भिजवलेल्या चिंध्या कोंबल्या. स्टेअरिंगच्या दांड्यांना सुतळी बांधली. मुद्दाम नांगरटीच्या कडेनं, दगडांवरून, नाल्यातून गाडी नेली. तिथं ती मुकी. सरळ रस्त्याला लागली की कधीतरी पुन्हा कट्ट. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते मी तीन आठवडे केलं. आता खरं सांगतो. कळसा काखेत आहे अशी शंका मला पहिल्या दिवसापासून होती. उजव्या कमानीचं पुढचं टोक एका पिनेनं गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. ती पिन मी खोलली नाही. खोलली असती तर आत काय भरलंय ते बाहेर आलं असतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी सगळीकडे शोधलं, फक्त तिथं सोडून.

आणि मग तो दिवस आला. बाईंच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. ओवा झाला, शेक झाला, एरंडेल झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मालेगावचे डॉक्टर आले. त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूला बोटं दाबली तेव्हा बाईंची किंकाळी मला अंगणात ऐकू आली. डॉक्टर मालकांना बाहेर घेऊन आले. म्हणाले, "आतडं सुजलंय. आत फुटलं तर कुणाच्या हातात काही राहणार नाही. आत्ता निघा, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आज कापावंच लागेल." वाशिमहून अकोल्याला जाणारी आगगाडी तोवर निघून गेली होती. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, ती कधी पोचेल ते तिच्या मालकालाही माहीत नसे. राहिली आमची गाडी.

मागच्या सीटवर गादी टाकली. बाई आडव्या, आणि त्यांचं डोकं मालकांच्या मांडीवर. आरशात मला ते दिसलं आणि मी आरसाच फिरवून टाकला. चाळीस मैलांचा रस्ता. मालेगाव, मेडशी, मग घाट उतरून पातूर, मग अकोला. मी देवाला म्हणालो, आजचा दिवस गाडीला गप्प ठेव.

मालेगावात बाजारची गुरं आडवी आली. ब्रेक दाबला, आणि कट्ट. मागून कण्हणं. पुढं एका मोरीवर सावकाश व्हावं लागलं, पुन्हा कट्ट. आता आवाज मोठा होता, आणि त्यासोबत स्टेअरिंगनं माझ्या हाताला एक लहानसा हिसका दिला. तो हिसका नवीन होता. मेडशी दोन मैलांवर आली असेल, तेव्हा मागून बाईंचा आवाज आला. श्वास घेत घेत बोलत होत्या.

"अवो, हे थांबताना वाजते. चालताना नाही वाजत."

"तू गपचिप पडून राह्य," मालक म्हणाले.

"सांगा त्याले."

मालकांनी सुस्कारा टाकला. "डायवर, ही म्हणते का गाडी थांबताना वाजते."

ऐकलं, आणि मी गाडीचा वेग कमी केला. तीन आठवडे मी गाडी खड्ड्यांतून नेत होतो, आणि खड्ड्यांशी तिचं काही भांडणच नव्हतं. ब्रेक लागला की चाक अडतं आणि गाडीचं वजन पुढं रेटतं. तो सगळा रेटा कमानीच्या पुढच्या टोकावर येतो. म्हणजे त्या पिनेवर. पिन झिजली असेल तर तेवढ्याच वेळी आतल्या आत सरकणार आणि ठोका देणार. ती तुटली तर उजवं चाक मागं जाणार, गाडी आपोआप उजवीकडे वळणार, मग स्टेअरिंगला देव धरून बसला तरी उपयोग नाही. सपाट रस्त्यावर शेतात जाऊ. पण मेडशीच्या पुढं घाट आहे, आणि घाट उतरायचा म्हणजे पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत ब्रेक.

मेडशीत रस्त्यालगत लोहाराचा भाता होता. मी गाडी तिथं उभी केली.

"काहून थांबला बे?"

"मालक, घाटाआधी पुढची पिन पाह्यनं पडते."

"किती वेळ?"

"घडीभर," मी म्हणालो. खोटं बोललो.

"हिचा जीव जाऊन राह्यला अन् तुले पिना सुचतात? अकोल्यात पाह्य. चाल."

"पिन तुटली तं गाडी दरीत जाते, मालक. तिघंही जाऊ."

"तुटली नाही ना अजून? चाल म्हणतो ना तुले."

मालकांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मी इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि खाली उतरलो.  मालकही उतरले, त्यांचा हात वर गेलेला मला दिसला, आणि मी डोळे मिटले. तेवढ्यात पडद्याआडून बाई म्हणाल्या, "पाहू द्या त्याले." हात खाली आला.

लोहार आणि त्याची बायको भात्यापाशीच होती. गादीसकट बाईंना लिंबाच्या सावलीत घेतलं. मी जॅक लावला, लोहाराची सब्बल, म्हणजे पहार, कमानीच्या टोकाखाली घालून वर उचलली. टोक अर्धं बोट हललं. तिथं केसाइतकीही फट नसायला पाहिजे. मग अडकवलेली खीळ काढून पिन ठोकून बाहेर घेतली. दोन्ही टोकांना ती अंगठ्याएवढी जाड होती, आणि मधे खाऊन खाऊन करंगळीहून बारीक झालेली. लोहारानं ती हातात घेतली. तिच्यावरचा काळा चिकटा बोटांत चोळला, पुन्हा चोळला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तं बैलगाडीचं वंगण व्हय," तो हळूच म्हणाला. "राख हाये याच्यात. कानशीवाणी खाल्लं लोखंड."

मालक लिंबाखाली पाठमोरे होते. मी तिकडे पाहिलं. लोहारानंही पाहिलं. त्यानं पिन बाजूला ठेवली आणि विचारलं, "जाडी केवढी पाह्यजे?"

पिन नवी घडवायची होती. लोहारानं बैलगाडीच्या तुटक्या आसाचा तुकडा काढला, चांगलं जुनं लोखंड. बायकोनं भाता धरला. लोखंड लाल झालं की तो चिमट्यानं ऐरणीवर धरायचा आणि बायको घण घालायची. घणाच्या प्रत्येक घावाला मी लिंबाकडे पाहायचो. बाई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. मालक पदरानं वारा घालत होते, बाईंच्याच पदरानं. मला घाई करायची होती, आणि या कामात घाई करता येत नाही. पिन थोडी जाड झाली तर बसत नाही, थोडी बारीक झाली तर पुन्हा तोच ठोका. लोहार कानस मारायचा, मी पिन घालून पाहायचो, पुन्हा कानस. मग कळलं, की पिन ज्या भोकात बसते ते भोकही खाऊन लांबट झालंय. त्यात पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून घालायला हवा होता. लोहाराकडे पितळ नव्हतं.

मी लिंबाखाली गेलो. "मालक, पितळ पाह्यजे. पातळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिशातून पानाचा डबा काढला, पानं जमिनीवर ओतली आणि डबा माझ्या हातात दिला. त्यांच्या वडिलांचा डबा होता तो. लोहारानं झाकणाची पट्टी कापली.

पट्टी बसली, पिन गरम करून पाण्यात बुडवली, कडक झाली, ठोकली. मधे जोराचा घाव घालताना माझं बोट सापडलं आणि नख गेलं, ते मला अकोल्यात कळलं. लोहाराच्या बायकोनं वंगणाचा नळा पुढं केला. मी म्हणालो, नुसतं तेल द्या. तिनं दिव्यातलं तेल दिलं. सब्बल पुन्हा घालून पाहिली, टोक हललं नाही. लोहार म्हणाला, "घाट उतरवते हे. जाय."

पण वेळ गेला होता. घडीभर म्हणालो होतो, दोन तास लागले. बाईंना गाडीत ठेवताना त्यांचा पिवळट पडलेला चेहरा मला दिसला. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. मला वाटलं आपण हिला मारलं. दरीत नाही मारलं, लिंबाखाली मारलं.

घाटात मी पहिल्या गिअरमध्ये उतरलो. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि श्वास धरला. काही नाही. दुसऱ्या वळणावर काही नाही. खाली सपाटी दिसत होती, आणि रस्ता मात्र पुन्हा पुन्हा दरीच्या कडेला जायचा. प्रत्येक वळणावर माझ्या मनात एकच, की आता येईल ठोका, आता येईल. इंजिनाच्या घरघरीत आपल्याला ऐकूच आला नाही तर, हीसुद्धा भीती. मागं मालक "अवं, ऐकून राह्यली ना" म्हणत होते आणि उत्तर येत नव्हतं. पातूर लागलं तेव्हा मी पहिल्यांदा पाठ सीटला टेकवली. पुढचे वीस मैल गाडी जेवढी पळत होती तेवढी पळवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच आत घ्यायला सांगितलं. जाता जाता मालकांना म्हणाले, "दोन तास आधी आला असतात तर बरं झालं असतं. प्रयत्न करतो."

दार बंद झालं. व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, त्यावर मालक बसले. मी खांबाशी उभा. दोन तास. तो आकडा डॉक्टरांनी कुठून आणला होता देव जाणे, पण तो माझाच होता. मालक शिव्या देतील, हात उचलतील, मला बरं वाटलं असतं. ते फक्त बंद दाराकडे पाहत होते. त्यांना वाटत होतं, पिन आपसूक झिजली आणि या माणसानं आपल्याला वाचवलं. ते मला सहन होईना.

"मालक," मी म्हणालो, "ते पिन माह्यामुळे झिजली. ग्रीस संपलं होतं. मी बैलगाडीचं वंगण घातलं. कोणाले सांगतलं नाही. आवाज आला तरी ते पिन खोलली नाही, लाज वाटली म्हणून. आधीच खोलली असती तं आज मेडशीत थांबनं नसतं पडलं."

मालक उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी नजर खाली घातली नाही, तेवढी हिंमत त्या दिवशी कुठून आली माहीत नाही. मग ते बोलले.

"पंधरा दिवस झाले, तिनं मले घरी सांगतलं होतं. म्हणे, डायवरले सांगा, गाडी थांबताना वाजते, त्याच्या ध्यानात नाही येऊन राह्यलं. मी म्हटलं, बाईमाणसाले मोटारीतलं काय समजते. मी तुले सांगतलंच नाही."

 मला राग आला, खोटं कशाला सांगू. ती एक ओळ मला पंधरा दिवसांपूर्वी मिळाली असती तर. पण मी पिन खोलली असती का? हेही मी स्वतःला तिथंच विचारलं, आणि उत्तर मला आवडलं नाही.

मालक बाकावर जाऊन बसले, आणि थोडे सरकले. "बस," म्हणाले. मी बाकाच्या टोकाला बसलो.  आतून भांड्यांचा आवाज आला की दोघांची मान एकदम वर व्हायची.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. आतडं फुटायच्या बेतात होतं, फुटलं नव्हतं. तरी तीन दिवस काही सांगता येत नाही, म्हणाले. ते तीन दिवस मी त्या व्हरांड्यातच काढले. चौथ्या दिवशी बाईंनी दोन चमचे पेज घेतली असं मालकांनी मला येऊन सांगितलं, आणि सांगताना ते रडले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, दुसरं काय करणार.

तीन आठवड्यांनी आम्ही परत निघालो. दरम्यान मी अकोल्यात यंत्रावर दोन्ही बाजूंच्या नव्या पिना कातून घेतल्या होत्या, आणि मालकांनी कुठून तरी खरं ग्रीस मिळवलं होतं, कुठून ते विचारायची सोय नव्हती. बाई खूप वाळल्या होत्या. पडदे लावायला गेलो तर त्या मालकांना म्हणाल्या, राहू द्या, वारा लागते. पडदे गुंडाळून ठेवले.

पातूर सोडून घाट चढायला लागलो. गाडी सावकाश चालली होती. अर्ध्या घाटात एका वळणावर समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी आली, म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी गुमान थांबली. तेव्हा मागून बाई बोलल्या. मालकांशी नाही.

"डायवर," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी उतरताना तुमाले वाटलं असंन, मी बेसुद हावो. मी सुदीवर होती. पुरा घाट कान देऊन होती. गाडी थांबली का कान तिकडेच. दुखत होतं तं तेवढंच धरून ठेवलं होतं मनात. वाजलं असतं ना, तं मीच तुमाले सांगतलं असतं. याइच्या तोंडून सांगाची वाट नसती पाह्यली."

बैलगाडी निघून गेली. गाडीवान हात करून गेला. मला पुढं निघायला हवं होतं, पण रस्ता दिसत नव्हता, डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं. ती बाई पोट फुटायची वेळ आलेली असताना माझी पिन ऐकत होती.

"हो बाई," मी म्हणालो.

गाडी का उभी आहे, असं मालकांनी विचारलं नाही.